निरोच्या हातात फिडल कुणी दिलं?

राज्यात पूर आला आणि मंत्रिमहोदय परदेश दौऱ्यावर असले, की दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात एक वाक्य हमखास येतं: रोम जळत होतं आणि निरो फिडल वाजवत होता. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन जवळ आली की विजयाची बातमी देऊन कोसळलेल्या ग्रीक दूताची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते. मित्रानं दगा दिला की ‘यू टू ब्रूटस’, आणि पोटावर शस्त्रक्रिया करून बाळ जन्माला आलं की ‘सिझर झालं’. ग्रीस आणि रोम आपल्या बोलण्यात इतके मुरलेत की यातलं खरं किती, हा प्रश्नच कुणाला पडत नाही.

तो विचारला की काही गोष्टी पहिल्याच धक्क्याला पडतात, काही अर्ध्या उरतात आणि एखादी भलतीच खरी निघते. इतिहासाचे अभ्यासक ही छाननी कशी करतात ते या चार-पाच ओळखीच्या गोष्टींवरूनच पाहू.

## घटनेची तारीख आणि गोष्टीची जन्मतारीख

कुठलीही जुनी गोष्ट समोर आली की दोन तारखा शोधायच्या. घटना कधी घडली, ही पहिली. ती पहिल्यांदा लिहून कधी ठेवली गेली, ही दुसरी. दोन्हींमधलं अंतर म्हणजे गोष्टीला तिखटमीठ लागण्यासाठी मिळालेली मोकळी जागा.

मराठी वाचकाला हे नवं नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यापासून आपण ऐकत आलो आहोत. स्वारी चालू असताना लिहिलेलं पत्र वेगळं आणि शंभर वर्षांनी सांगितलेली हकिगत वेगळी. अस्सल कागदाच्या जातीच्या पुराव्याला ‘समकालीन साधन’ म्हणतात: त्या काळात हयात असलेल्यानं लिहिलेला मजकूर, त्याच काळात कोरलेला शिलालेख, पाडलेलं नाणं, बांधलेली भिंत.

ग्रीस-रोमची अडचण अशी, की मूळ लिखाण जवळपास सगळं नाहीसं झालं आहे. हाती आहेत त्या नकलांच्या नकला. रोमचा बादशहा निरो याच्या कारकिर्दीबद्दल टॅसिटस या रोमन इतिहासकारानं लिहिलेला मजकूर आपल्यापर्यंत पोचला तो अकराव्या शतकात माँते कासिनोच्या मठात उतरवलेल्या एका हस्तलिखितामुळे. लेखक आणि ती नक्कल यांच्यात साडेनऊशे वर्षांचं अंतर आहे. त्या एका पोथीला वाळवी लागली असती, तर निरोबद्दल आज आपण फार वेगळं बोलत असतो.

## मॅरेथॉन: धावला, पण दुसरीकडे

इ.स.पू. ४९० मध्ये अथेन्सपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या मॅरेथॉनच्या मैदानात अथेन्सकरांनी इराणी फौजेला हरवलं. या लढाईचं सगळ्यात जुनं सविस्तर वर्णन हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचं आहे, साधारण साठ वर्षांनंतरचं. लढलेल्यांची मुलं-नातवंडं त्याला भेटू शकत होती.

त्याच्या ग्रंथात धावपटू आहे. नाव फिलिप्पिडीस, काही हस्तलिखितांत फायडिप्पिडीस. काम आपल्याकडच्या जासुदाचं. पण तो धावला लढाईच्या *आधी*, आणि मॅरेथॉनहून अथेन्सला नव्हे, तर अथेन्सहून स्पार्टाला, मदत मागायला. अंतर सुमारे २४० किलोमीटर, आणि हिरोडोटस म्हणतो की तो दुसऱ्या दिवशी पोचला. स्पार्टाच्या लोकांनी सांगितलं, पौर्णिमा होईपर्यंत आम्हाला निघता येत नाही. त्यांची २००० माणसं आली ती लढाई संपल्यावर. रणांगणावरची प्रेतं पाहिली, अथेन्सकरांची तारीफ केली आणि परत गेली.

आणि तो ‘आपण जिंकलो’ म्हणून कोसळलेला दूत? हिरोडोटसकडे तो नाहीच. तो येतो प्लुटार्क या ग्रीक लेखकाच्या लिखाणात, इसवी सन १०० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षांनी. तिथेही त्याचं नाव फिलिप्पिडीस नाही. प्लुटार्क सांगतो की इ.स.पू. चौथ्या शतकातला हेराक्लिडीस त्याला थर्सिप्पस म्हणतो, बाकीचे बहुतेक युक्लीस म्हणतात. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लुशियन या लेखकानं ही धाव फिलिप्पिडीसच्या नावावर घातली. दोन वेगळ्या धावा एका माणसाला चिकटल्या त्या अशा. १८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीनं दोन्ही एकाच कवितेत गुंफल्या. १८९४ मध्ये मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषातज्ज्ञानं ऑलिंपिकमध्ये अशी शर्यत ठेवण्याची कल्पना मांडली आणि १८९६ मध्ये अथेन्सला ती झालीही. ४२.१९५ किलोमीटर या आकड्याचा तर ग्रीसशी संबंधच नाही. तो १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचा, विंडसर राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या कक्षापर्यंतचा.

इथे एक आक्षेप रास्त आहे: हिरोडोटसनं लिहिलं नाही म्हणून घडलंच नाही असं कसं? बरोबर आहे, नुसतं मौन हा कच्चा पुरावा. पण ज्याला ते सांगण्याचं भरपूर कारण होतं तो गप्प असेल, तर मौनालाही वजन येतं. याच धावपटूला वाटेत डोंगरावर पॅन हा देव भेटला, हे हिरोडोटस चवीनं सांगतो. विजयाची बातमी देऊन प्राण सोडणारा माणूस असा लेखक गाळेल, हे पटत नाही.

शिवाय लढाईनंतर काय झालं ते त्यानं सांगितलं आहे, आणि दंतकथेपेक्षा ते जास्त थरारक आहे. हरलेलं इराणी आरमार सूनिअनच्या भूशिराला वळसा घालून मोकळ्या अथेन्सवर चाल करायला निघालं. ते ओळखून अख्खं अथेनियन सैन्य, नुकतीच लढाई केलेलं, सात-आठ किलोच्या ढाली घेऊन, पायांत बळ होतं तितक्या वेगानं शहराकडे परतलं आणि जहाजांच्या आधी पोचलं. मॅरेथॉन ते अथेन्स ही मजल खरी आहे; ती हजारो जणांनी मिळून मारली होती.

दोन दिवसांत २४० किलोमीटर तरी शक्य आहे का? हे पायांनी तपासता येतं. १९८२ मध्ये ब्रिटिश हवाई दलातल्या धावपटूंनी ते अंतर ४० तासांच्या आत कापलं. १९८३ पासून तिथे दर वर्षी २४६ किलोमीटरची शर्यत होते आणि तिची मुदत ३६ तासांची असते.

## निरो: ‘म्हणे’ कुठे गळालं?

इसवी सन ६४, जुलैची १८ तारीख उलटून गेलेली रात्र. रोमच्या सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानाजवळच्या दुकानांना आग लागली. ती सहा दिवस चालली, विझल्यासारखी झाली आणि पुन्हा भडकली. शहराच्या १४ विभागांपैकी ३ बेचिराख, ७ मध्ये पडके अवशेष आणि फक्त ४ शाबूत.

टॅसिटस तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. लिहिलं त्यानं पन्नासेक वर्षांनी. निरो त्याला मुळीच आवडत नाही. तरीही तो सांगतो की आग लागली तेव्हा निरो अँटिअमला, रोमपासून सुमारे ५० किलोमीटरवर होता. परत आल्यावर त्यानं बेघरांसाठी सार्वजनिक इमारती आणि स्वतःच्या बागा उघडल्या, धान्य आणवलं, भाव मापामागे ३ सेस्टर्सपर्यंत (सेस्टर्स हे रोमन नाणं) खाली आणला. आणि पुढे म्हणतो: या सगळ्याचा उपयोग झाला नाही, कारण *अफवा पसरली होती* की शहर जळत असताना निरोनं घरातल्या रंगमंचावर ट्रॉयच्या विनाशाचं गाणं म्हटलं.

त्याच सुमारास लिहिणारा रोमन चरित्रकार स्वेटोनियस ‘अफवा’ हा शब्द गाळतो. त्याच्याकडे निरो मायकेनसच्या मनोऱ्यावर नाटकी वेशात उभा राहून गातो. आणखी शंभरेक वर्षांनी डिओ कॅसिअस या इतिहासकाराकडे तोच निरो राजवाड्याच्या गच्चीवर चढतो, जो राजवाडा टॅसिटसच्या म्हणण्याप्रमाणे स्वतःच आगीत गेला! गल्लीत सकाळी ‘म्हणे’ लावून सांगितलेली गोष्ट संध्याकाळी पाहिल्यासारखी सांगितली जाते, तसंच हे. त्यामुळे दोन तारखांच्या जोडीला लेखकाचं क्रियापद तपासायचं: तो ‘झालं’ म्हणतो की ‘झालं असं म्हणतात’?

तिन्ही ठिकाणी निरो गातो. फिडल, म्हणजे व्हायोलिन, कुणाकडेच नाही. निरो वाजवायचा ते किथारा, बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. आज आपण ओळखतो ते व्हायोलिन इटलीत घडलं सोळाव्या शतकात. इंग्रजीनं किथारा काढून निरोच्या हाती फिडल दिलं आणि आपण ते इंग्रजीतून जसंच्या तसं उचललं.

अफवा चिकटली, यात मात्र नवल नाही. निरोला गाण्याचं वेड होतं, त्याच वर्षी तो नेपल्समध्ये लोकांसमोर गायला होता, आणि आगीनं रिकाम्या झालेल्या जागेवर त्यानं स्वतःचा सुवर्णप्रासाद उभारला. आग त्यानंच लावली असं त्याच्या काळातलेही काही लोक म्हणत होते. टॅसिटस दोन्ही मतं नोंदवून निकाल देत नाही. पण त्याच आगीनंतर निरोनं रस्ते रुंद केले, इमारतींच्या उंचीला मर्यादा घातली, दोन घरांत सामाईक भिंत बंद केली, ठरावीक भागात लाकडाऐवजी दगड सक्तीचा केला. अग्रलेखात याचा उल्लेख कधी वाचलाय?

## पायलीनं मोजलेली फौज

आकडे ही दंतकथेची सगळ्यात आवडती जागा. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून गेला. हिरोडोटसच्या हिशेबानं नुसतं पायदळ १७ लाख, आणि आरमार, घोडदळ, नोकरचाकर धरून ५२,८३,२२०. शेवटच्या वीसपर्यंत अचूक!

पायदळ कसं मोजलं तेही तो सांगतो. दहा हजार माणसं दाटीवाटीनं उभी केली, भोवती वर्तुळ आखलं, त्यावर कमरेइतकी भिंत बांधली आणि ते कुंपण पुन्हा पुन्हा भरलं. पायलीनं जोंधळे मोजावेत तसं. कुंपण १७० वेळा भरलं म्हणून १७ लाख.

आता साधा हिशेब करू. दहा-दहा जणांच्या ओळी, दोन ओळींत दीड मीटर अंतर. १७ लाखांच्या १,७०,००० ओळी, लांबी २५५ किलोमीटर. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत रांग लागली तरी शेपूट उरेल. दिवसाला वीस किलोमीटरची चाल धरली तर एका ठिकाणाहून फौज सरायला तेरा दिवस. जनावरं, सामान, अरुंद घाट यांत धरलेलेच नाहीत.

धान्याचा हिशेब खुद्द हिरोडोटसनं केला आहे. माणशी रोज एक खॉइनिक्स, म्हणजे लिटरभर गहू. दिवसाला १,१०,३४० मेडिम्नॉस. एका मेडिम्नॉसमध्ये ४८ खॉइनिक्स. ५२,८३,२२० ला ४८ नं भागून पाहा: उत्तर १,१०,०६७ येतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा भागाकार चुकलाय. चूक सोडून दिली तरी एका मेडिम्नॉसचे चाळीसेक किलो धरून रोज ४४०० टन गहू झाला, म्हणजे दहा टनी ट्रकांच्या ४४० फेऱ्या. ट्रक नसलेल्या जगात. आधुनिक अभ्यासक बहुधा एक ते तीन लाखांमध्ये कुठेतरी थांबतात, काही त्याच्याही खाली.

मग हिरोडोटसचे सगळेच आकडे टाकायचे? नाही. मॅरेथॉनला अथेन्सचे १९२ मेले, हा आकडाही त्याचाच आणि तो पक्का मानतात, कारण मेलेल्यांची नावं दगडांवर कोरून त्यांच्या समाधीच्या टेकाडापाशी उभी केली होती. तिथलाच मानला जाणारा, एका गणाच्या नावांचा दगड पुढे लुकू इथे सापडला. शत्रूचे ६४०० मेले, हा आकडा मात्र थोडा जपून घ्यावा. १९२ ला ३ नं भागून १०० नं गुणा, बरोबर ६४०० येतात. आपले तीन मेले तर त्यांचे शंभर, असं गुणोत्तर आधी धरलं असावं, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. आपल्या बाजूचे मृत नावानिशी मोजलेले असतात. शत्रूचे मृत मोजताना हात सैल सुटतो.

## ब्रूटस, सिझर आणि कार्थेजचं मीठ

ही तिन्ही झटपट उरकता येतात.

रोमचा सत्ताधीश ज्युलिअस सीझर याचा खून इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला झाला, २३ वार. स्वेटोनियस लिहितो की पहिल्या वाराला तो फक्त कण्हला, बोलला काहीच नाही, ‘तूही, बाळा?’ असं तो ब्रूटसला ग्रीकमध्ये म्हणाला असं *काही जण सांगतात*. लॅटिन ‘एत् तू, ब्रूते’ हे सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी नाटकांतलं वाक्य, शेक्सपिअरमुळे अमर झालेलं.

सीझरचा जन्म पोट फाडून झाला, हे अशक्य कोटीतलं. त्या काळी ही शस्त्रक्रिया मेलेल्या किंवा मरणाऱ्या बाईवर करत, आणि सीझरची आई ऑरेलिया मुलगा पंचेचाळिशीला येईपर्यंत जिवंत होती. थोरला प्लिनी या रोमन लेखकानं ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी घराण्याच्या नावाचा संबंध जोडला, तोही पहिल्या सीझर आडनाववाल्या पूर्वजाबद्दल.

इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज हे शत्रूचं शहर जाळलं, पाडलं, माणसं गुलाम म्हणून विकली. हे सगळं खरं. पण पुन्हा काही उगवू नये म्हणून तिथल्या जमिनीत मीठ पेरलं, हे एकाही प्राचीन लेखकानं लिहिलेलं नाही. मीठ पेरण्याची गोष्ट बायबलमध्ये आहे, शेखेम शहराबद्दल. कार्थेजच्या वर्णनात ते फार उशिरा शिरलं, १९३० मध्ये केंब्रिजच्या प्रतिष्ठित इतिहासमालेत छापलं गेल्यावर सगळीकडे पसरलं आणि १९८६ मध्ये एका शोधनिबंधानं ते उघड केलं. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची हकिगत ठाऊक असलेल्या आपल्याला मीठ लगेच पटतं, हीच तर गंमत. पटणं आणि घडणं वेगळं. पुढे ऑगस्टस या पहिल्या रोमन बादशहाच्या काळात कार्थेज पुन्हा वसलं आणि तो सगळा मुलूख रोमला धान्य पुरवू लागला.

## ‘उत्खननात सापडलं, मग तर खरंच ना?’

वस्तू खोटं बोलत नाही. वस्तूशेजारची पाटी बोलू शकते. इटलीतल्या पाँपेई शहरात व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत माणसं गाडली गेली, शरीरं कुजून पोकळ्या उरल्या, आणि १८६३ पासून त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून आकृत्या काढल्या. त्यातल्या एकीच्या हातात सोन्याचं कडं आणि मांडीवर मूल. साहजिकच ती ‘आई’ ठरली आणि पिढ्यान्‌पिढ्या गाइडांनी तशीच दाखवली. २०२४ मध्ये डीएनए तपासला गेला: कडं घातलेली व्यक्ती पुरुष, आणि मुलाशी रक्ताचं नातं नाही. या गोष्टीचा जन्म प्राचीन नाही, आपल्याच काळातला.

ट्रॉयचंही तेच. उत्खननातले थर म्हणजे रद्दीचा गठ्ठा, सगळ्यात जुना अंक तळाशी. हाइनरिख श्लीमानला १८७० च्या दशकात तुर्कस्तानातल्या हिसार्लिकला खणताना सोनं मिळालं आणि त्यानं ते होमर या ग्रीक कवीच्या महाकाव्यात येणाऱ्या ट्रोजन युद्धातल्या प्रायम राजाचं म्हणून जाहीर केलं. पण ते ज्या थरातलं आहे तो युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजार वर्षांहून अधिक जुना. घाईघाईत खाली जाताना त्यानं वरचे, खरे कामाचे थरच कापून टाकले.

लिखित तारीखही फिरू शकते. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९, २४ ऑगस्टचा, असं थोरल्या प्लिनीचा भाचा धाकटा प्लिनी याच्या पत्राच्या हस्तलिखितावरून धरलं जायचं. प्लिनी त्या वेळी तिथे होता. पण २०१८ मध्ये पाँपेईत कोळशानं भिंतीवर लिहिलेली एक तारीख सापडली, आपल्या हिशेबानं १७ ऑक्टोबरची. वर्ष लिहिलेलं नाही. मात्र कोळशाचं लिखाण भिंतीवर फार दिवस टिकत नाही असा तर्क मांडला गेला, आणि त्या घराचं काम चालू होतं. डाळिंबं आणि शेगड्या सापडल्यानं शरद ऋतूचा संशय आधीपासून होताच. साक्षीदार खरा असला तरी नक्कल उतरवणाऱ्याचा हात चुकतो. वाद अजून चालू आहे.

## मग दंतकथेत काहीच नसतं?

असतं, आणि कधी भलत्याच ठिकाणी सापडतं. ट्रॉय ही शुद्ध कविकल्पना, असं एकेकाळी अनेक विद्वान मानत. आज हिसार्लिकला तटबंदीचं शहर दिसतं, आणि त्याचा एक थर इ.स.पू. ११८० च्या सुमारास जळालेला आहे. त्याहून मोलाचे आहेत आजच्या तुर्कस्तानात असलेल्या प्राचीन हित्ती साम्राज्याचे मातीचे लेख. त्यांत विलुसा नावाचं राज्य येतं, आणि इ.स.पू. १२८० च्या आसपास त्याच्या अलक्सांदु नावाच्या राजाशी झालेला तह येतो. होमरनं ट्रॉयसाठी वापरलेलं इलिऑस हे नाव जुन्या उच्चारात विलिऑस होतं, आणि त्याच्या काव्यात हेलनला पळवून नेणाऱ्या ट्रॉयच्या राजपुत्राचं, पॅरिसचं, दुसरं नाव अलेक्झांड्रॉस. हेलन आणि लाकडी घोडा यानं सिद्ध होत नाहीत. पण शहर, त्याचं नाव आणि त्यावरून झालेले संघर्ष हवेतले नाहीत.

## आता स्वतः करून पाहा

कॅलिग्यूला या बादशहानं आपल्या घोड्याला कॉन्सल म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी केलं, ही गोष्ट निवडणुकीच्या दिवसांत फार चालते. वरची कसोटी लावा. कॅलिग्यूला मेला इसवी सन ४१ मध्ये. गोष्ट मिळते स्वेटोनियसकडे, म्हणजे ऐंशी वर्षांनी. घोड्याचं नाव इन्सिटाटस, संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण हे तपशील तो ठामपणे देतो. पदाबद्दल मात्र क्रियापद बदलतं: त्याला कॉन्सल करायचा *बेत होता असं म्हणतात*. डिओही फक्त वचन दिल्याचं सांगतो. लेखकाचा कल? निरोप्रमाणेच कॅलिग्यूलाही नंतरच्या राजवटीत कुणाला प्रिय नव्हता. उरला समकालीन पुरावा. रोमन लोक वर्षं मोजायचेच त्या त्या वर्षीच्या कॉन्सलांच्या नावांनी, त्यामुळे त्यांच्या याद्या कोरून ठेवलेल्या असत. त्या याद्यांत सिनेटर आहेत, बादशहा आहेत. इन्सिटाटस नाही.